विस्तवाशिवाय हुरडा

वडूजच्या शेतातला हा शेवटचा हुरडा. उन्हाळ्यापासून तिथे सौर पॅनेल उभी राहणार. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जमीन भाड्याने दिली आहे. हा हुरडा डोंगरावर, तंबूपुढे शेकोटी करून खावा, ही कल्पना माझी. शेतातही खाता आला असता. पण शेतात तंबू नसतो.

सांगलीहून विट्यामार्गे वडूज. तिथे मामा, कणसांचं पोतं आणि गोवऱ्या गाडीत घेतल्या. कोरेगावात मिसळ खाल्ली; तिखट झेपत नसेल तर दही मागा. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढलो. तंबू माणशी हजार रुपये, पिठलं-भाकरीसकट.

पठाराच्या तोंडाशी नाका होता. ‘विस्तव पेटवण्यास सक्त मनाई’, अशी पाटी. पाटीचा खालचा कोपरा वणव्यात जळलेला.

मामा सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. ‘फौजेचं नाव सांगा, सोडतील,’ असं मी घाटातच सुचवून ठेवलं होतं. मामा उतरले, ताठ उभे राहिले आणि खिशातली काडेपेटी पहारेकऱ्याच्या हातात दिली.

‘गोवऱ्या डिकीत हायत. आणि ह्यांच्या डाव्या खिशात लायटर हाय.’

‘मामा!’

‘आवं जावईबापू, गवात बघा की. ठिणगी पडली तर पळणार कुटं?’

पहारेकऱ्याने लायटर घेतला. ‘मग आबा, हुरडा कच्चाच खाणार व्हय?’

‘दात हायत अजून.’

संध्याकाळी तंबूवाल्याने शेकोटी ‘लावली’. लाकडांखाली लाल बल्ब, वर कापडी ज्वाळा, त्यांना हलवायला पंखा. सगळ्यांनी फोटो काढले. माझ्या बायकोने सवयीने हातही शेकले. पंख्याचा वारा गार होता. मामा पलीकडे बसून कणसं हातावर चोळत होते. भुसा फुंकून दाणे तोंडात टाकत होते. मी चव विचारली.

‘दुधाळ हाय,’ म्हणाले. एवढंच.

परतताना ते आमच्याबरोबर सांगलीला, विश्रामबागेतल्या आमच्या घरी आले. उरलेला हुरडा मी गॅसवर भाजला. दाणे टणक झाले होते. जाळलेल्या ज्वारीची चव आली. मामांनी शांतपणे वाटी संपवली, न भाजलेली शेवटची चार कणसं गॅलरीच्या जाळीला बांधली आणि दुपारच्या एसटीने वडूजला गेले.

जाणाऱ्यांसाठी सूचना: काडेपेटी नेऊ नका. स्वेटर न्या. आणि हुरडा शेतातच खा.

निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात मामा शेतातल्या उंच माळ्यावर उभे राहून, गोफण फिरवून ज्वारीवरची पाखरं हाकलत आले. आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो.

‘पाखरं आली का?’

‘कबुतरं आलीत, मामा.’

‘हाकलू नका.’