धाकटीची अंघोळ

मोहल्ल्यातल्या बायका तिला आपा म्हणत. पोटासाठी ती तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची, आणि कुणाच्या घरी बाई वारली की मय्यतीला अंघोळ घालायला जायची. त्याचे ती पैसे घेत नसे. कुणी साडी-ओढणी पुढे केली तर म्हणायची, "ठेव गं बाई. माझ्या वेळी कुणीतरी दोन तांबे पाणी प्रेमानं घातलं म्हणजे झालं."

तिचा हात हलका होता असं सगळ्या जणी सांगत. पाणी कोमट आहे ना हे ती कोपर बुडवून बघायची, तान्ह्या बाळासाठी बघतात तसं. आणि काम करता करता मेलेल्या बाईशी बोलायची. "आता उजवी कूस हं, खाला. झालंच आता, जरा कळ काढा." नवख्या बायकांना आधी भीती वाटायची, मग तेच ऐकून रडू यायचं.

हे काम ती शिकली ते स्वतःच्या मुलीपायी.

नवरा लवकर गेला, तेव्हा मुलगी मांडीवर होती. गुटगुटीत, गोल चेहऱ्याची. आई दिवसभर बटणं लावणारी, म्हणून सगळे पोरीला गुंडीच म्हणायला लागले. एका अंगणाभोवती दोन बिऱ्हाडं होती. एकीकडे आपा आणि गुंडी, समोर दीर आणि त्याची बायको. दीर रंगारी होता, लोकांची घरं रंगवायचा. त्याच्या बायकोला घरात धाकटीच म्हणत. तिला मूलबाळ झालं नाही. आपा कारखान्यात गेली की गुंडी धाकटीच्या कडेवर असायची. जेवण तिच्या हातचं, वेणी तिच्या हातची. "मी जन्म दिला तेवढाच," आपा हसून म्हणायची, "बाकी पोरगी हिचीच."

अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी होती, वर लोखंडी झाकण. एका सकाळी धाकटीनं झाकण सरकवून बादली भरली, आणि तेवढ्यात आत चुलीवर दूध उतू जायला लागलं. ती धावली. दूध उतरवलं, सांडलेलं पुसलं, फडकं पिळलं. बाहेर आली तर अंगणात गुंडी नव्हती.

आपाला कारखान्यातून बोलावून आणलं तेव्हा पोर चटईवर होती आणि तिच्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

तेव्हा मोहल्ल्यात एक म्हातारी मय्यतीचं बघायची. तिनं गुंडीला अंघोळ घातली. आपा भिंतीला टेकून बसली होती, तिला काही कळत नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की म्हातारीनं गरम पाण्यात कोपर बुडवलं, तोंडातल्या तोंडात "जरा कढत आहे" म्हणाली आणि त्यात थंड पाणी ओतलं. मेलेल्या पोरीला चटका बसू नये म्हणून. आपाला पहिला हुंदका तिथे फुटला.

पुढे कितीतरी दिवस म्हातारी येऊन बसायची. सांगायची, "लहान लेकरांना हिशोब नसतो. ती तिकडे इब्राहिम पैगंबरांच्या सावलीत असतात, खेळत. आणि ज्या आईनं सबर केला, तिचं लेकरू कयामतच्या दिवशी तिच्या कपड्याचं टोक धरतं आणि जन्नतच्या दारातून आत नेईपर्यंत सोडत नाही." आपा ऐकून घ्यायची. मग एक दिवस म्हणाली, "मला हे काम शिकवा." म्हातारीनं का म्हणून विचारलं नाही. पुढच्या मय्यतीला तिनं आपाच्या हातात तांब्या दिला.

सबर आपानं केला. छाती पिटली नाही, अल्लाला बोल लावला नाही. पण धाकटीशी बोलणं बंद केलं ते कायमचं.

अंगण एक, नळ एक, कपड्यांची दोरी एक, आणि दोघी जावांच्या तोंडाला कुलूप. धाकटीनं पहिल्या पहिल्यांदा पाय धरले, उंबऱ्यावर डोकं टेकलं. आपा वाट वाकडी करून निघून जायची. मग निरोप दिराच्या मार्फत जायला लागले. पाणी आलं, गॅस संपला, दारात भाजीवाला आलाय. दीर बिचारा दोन्हीकडचं टपाल पोचवायचा. कधी वैतागून म्हणायचा, "मला आता खाकी कपडे तरी शिवून द्या." दीर घरात नसला की दोघी धाकटीच्या मांजरीला सांगायच्या. "मने, दोरीवरचे कपडे काढ म्हणावं, आभाळ आलंय." आणि समोरच्या दारातून कुणीतरी मुकाट्यानं येऊन कपडे काढायचं. बघणाऱ्याला हसू यावं असा प्रकार, पण त्या घरात कुणी हसलं नाही.

वर्षं अशीच गेली. आपाला चष्मा लागला. धाकटीचे केस अकाली पांढरे झाले आणि मग तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी पोट उघडून बघितलं आणि तसंच शिवून घरी पाठवलं.

एका दुपारी दीर आपाच्या दारात उभा राहिला. अंगावरचा रंगाचा सदरासुद्धा त्यानं बदलला नव्हता.

"वहिनी, ती एकदा भेटायचं म्हणतेय."

आपानं घरी आणलेल्या सदऱ्याचं काज पुरं केलं, दोरा दातानं तोडला आणि उठली. त्या दारातून ती किती वर्षांनी आत जात होती.

धाकटी पलंगावर नावापुरती उरली होती. हाडांवर चादर टाकल्यासारखी. आपाला बघून तिनं उठायची धडपड केली.

"पडून राहा," आपा म्हणाली. इतक्या वर्षांतला पहिला शब्द तो.

धाकटीच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. "आपा, मी चालले आता. अल्लाचे जे गुन्हे केले ते तो माफ करेल, तो मोठा आहे. पण माणसाचा हक्क बुडवला तर तो त्या माणसानंच माफ करावा लागतो ना? तुम्ही केला नाहीत तर मी तिथे काय तोंड दाखवू?"

आपाच्या मनात काय काय उसळून आलं. टाकीचं झाकण, चटई, केसांतून गळणारं पाणी. हो म्हणायला जीभ वळेना. तिनं दुसरंच काही ऐकलं, आणि तो आवाज तिचाच होता.

"माझ्या हातात काय आहे? जिचा जीव गेला तिचा हक्क. तिलाच विचार तिथे गेल्यावर."

धाकटी छताकडे बघत राहिली. मग अगदी हळू, लहान मुलीनं विचारावं तसं तिनं विचारलं, "ती मला ओळखेल का, आपा? मी खूप म्हातारी दिसते आता."

आपा उठली आणि आपल्या खोलीत आली. शिलाई मशीन चालवायला लागली. दीर नंतर दोनदा येऊन गेला, म्हणाला, "बसा की थोडा वेळ तिच्याजवळ." आपा म्हणाली, "हातातलं काम संपलं की येते." काम संपत नव्हतं, कारण ती उसवून पुन्हा तेच शिवत होती.

त्याच आठवड्यात, सकाळी, समोरून दिराच्या रडण्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं तो स्वतःला सावरून तिच्याकडे आला. मान वर न करता म्हणाला, "तिनं सांगून ठेवलंय. अंघोळ आपांनीच घालावी, दुसऱ्या कुणाचा हात लागू नये. तुम्हाला जमत नसेल तर... मी काही म्हणणार नाही, वहिनी."

"पाणी तापत ठेवा," आपा म्हणाली.

दिराच्या मागच्या खोलीत फळी मांडली, दोऱ्या बांधून चादरींचा आडोसा केला. मदतीला कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण आली. ती धिप्पाड, बोलकी बाई नेहमी आपाबरोबर असायची. बोरीची पानं घालून उकळलेलं पाणी कोमट केलं. आपानं मय्यतीवर कापड पांघरलं, अंगावरचे कपडे खालून अलगद काढले, हाताला फडकं गुंडाळलं आणि बिस्मिल्ला म्हणून सुरुवात केली. सगळं रीतसर. पण ती बोलत नव्हती. बेकरीवाली तांब्यानं पाणी घालता घालता तिच्या तोंडाकडे बघायची आणि पुन्हा खाली बघायची.

उजवा हात धुताना आपा थांबली.

कोपरापासून मनगटापर्यंत एक जुना, जाड, पांढरट व्रण होता. टाकीच्या लोखंडी काठाचा. धाकटीला पोहता येत नव्हतं. तरी तिनं त्या टाकीत उडी घेतली होती, पोरीला वर ढकललं होतं, आणि मग शेजाऱ्यांनी तिलाही ओढून काढलं होतं. आपानं हे तेव्हाच ऐकलं होतं, अनेकांच्या तोंडून. ऐकलं होतं आणि मनात शिरू दिलं नव्हतं. धाकटी तेव्हापासून लांब बाह्यांचे कपडे घालायची, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. आपाच्या डोळ्यांना तो हात दिसू नये म्हणून.

आपा त्या व्रणावर पाणी घालत राहिली. घालतच राहिली.

"आपा," बेकरीवाली हळूच म्हणाली, "तो हात झाला."

तेव्हा आपाला म्हातारीचं एक बोलणं आठवलं. पहिल्या पहिल्या मय्यतीच्या वेळी ती सांगायची. ईमान असलेल्या माणसाचा जीव तिकडे पोचला, की आधी गेलेले सगळे जीव त्याच्याभोवती गोळा होतात, परगावाहून आलेल्या माणसाभोवती घरची माणसं जमतात तसे. अमका कसा आहे, तमकी काय करते, असं विचारतात. मग कुणी म्हणतं, अरे, त्याला जरा टेकू द्या, दुनियेचं दुःख सोसून आलाय तो.

त्या गर्दीत गुंडी असेल. सगळ्यांत पुढे घुसेल, तिची सवयच ती. काकी दिसली की गळ्यात पडेल आणि पहिला प्रश्न विचारेल: आई कशी आहे?

आणि ही काय सांगणार? तुझी आई माझ्याशी बोलत नव्हती? मी मरताना हात जोडले तरी तिनं माफ केलं नाही?

आपा फळीची कड धरून खाली वाकली, धाकटीच्या कानाशी. बेकरीवालीनं तांब्या खाली ठेवला आणि चादरीकडे तोंड करून उभी राहिली.

"ऐक गं," आपा म्हणाली. "ती विचारेल तुला. सांग, आई बरी आहे. चष्मा लागलाय म्हणावं, पण काजं अजून तीच करते. तुझा हिरवा झगा तिनं कुणाला दिला नाही म्हणावं. आणि..." तिचा आवाज फाटला. "सांग, आईनं मला माफ केलं. केलं गं, मी माफ केलं. ऐकतेस ना? तू उडी घेतली होतीस. तू माझ्या पोरीची आई होतीस. ऐकतेस ना तू?"

धाकटीच्या बंद पापण्यांवर पाण्याचे थेंब होते, ते तसेच राहिले. मेलेल्या माणसाला ऐकू येतं, कबरीपासून परत फिरणाऱ्यांच्या चपलांचा आवाजसुद्धा येतो, असं आपानं कितीदा दुसऱ्यांना सांगून धीर दिला होता. आज तिला स्वतःला धीर येईना.

पण काम अर्धं टाकता येत नाही. तिनं कापराचं शेवटचं पाणी घातलं. अंग टिपलं. पांढऱ्या केसांतून हळूहळू बोटं फिरवून गुंता सोडवला, तीन वेण्या घातल्या आणि मागे सोडल्या. मग पांढऱ्याशुभ्र कापडात धाकटीला गुंडाळलं. कापडाच्या घड्या इतक्या हळुवार केल्या की बेकरीवालीला राहवलं नाही, ती तोंडात ओढणी कोंबून रडली.

शेवटचं तोंड बघायला दीर आत आला. बघून झाल्यावर त्यानं आपाकडे पाहिलं. "माफ केलंत का तिला, वहिनी?"

"केलं."

"कधी?"

आपाला खोटं बोलता आलं असतं. तिनं फळीकडे बोट केलं. "आत्ता."

"शेवटपर्यंत दाराकडे बघत होती," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. घडलं ते सांगत होता नुसतं. मग बाहेरून माणसांनी हाक दिली, आणि तो जनाज्याला खांदा द्यायला निघून गेला.

माणसं गेल्यावर आपा अंगणात बसून राहिली. वर्षानुवर्षं तिनं मनाशी धरलं होतं, की हिशोबाच्या दिवशी आपण उभे राहू आणि आपला हक्क मागू. त्या दिवसावर तर ती जगली होती. आता तिला उमजलं, की त्या दिवशी मागणारी धाकटी असेल आणि मान खाली घालून उभी राहणारी आपण. मरणाऱ्या बाईनं पाणी मागावं तसा तिनं एक शब्द मागितला होता, आणि आपण मशीन चालवत बसलो.

संध्याकाळी दीर कब्रस्तानातून परत आला. आपानं त्याच्यापुढे ताट ठेवलं. तो दोन घास खाऊन थांबला.

"भावजी," आपा म्हणाली, "ती मला काही बोलली का? मी उठून आल्यावर? शिव्या दिल्या, तळतळाट केला, काहीही असो. सांगा मला."

दिरानं मान हलवली. "ती तुमच्यावर कधी रागावलीच नाही, वहिनी. म्हणाली, आपांचं बरोबर आहे. मी पोरीलाच विचारेन."

आपानं तोंडावर पदर घेतला. धाकटीनं शाप दिला असता तर तिला सोसला असता.

आपा अजून कारखान्यात जाते आणि बोलावणं आलं की तांब्या-फडकं घेऊन निघते. नमाजानंतर हात पसरले की ती आधी धाकटीसाठी मागते, मग गुंडीसाठी. दुपारी, अंगणात कुणी नसताना, समोरच्या बंद दाराकडे बघून ती कधी कधी बोलते. आज पाणी उशिरा आलं. भावजींना खोकला झालाय. तुझी मांजर माझ्याकडे जेवते. बेकरीवालीनं एकदा ते ऐकलं आणि ती पाय न वाजवता मागच्या मागे निघून गेली.