अतिथीचा वाटा

'हे लग्न खरेपणाने केलेले आहे का,' अशा अर्थाचा प्रश्न सरकारी अर्जावर वाचला आणि मला त्याचं उत्तर येईना. खोटं लग्न नव्हतंच ते. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी सगळ्या नातेवाइकांसमोर, साताऱ्याच्या कार्यालयात अक्षता पडल्या होत्या. पण सौदीतल्या यान्बूच्या त्या बंद खिडक्यांच्या घरात दीड वर्ष काढल्यावर 'खरं' कशाला म्हणायचं, तेच मला कळेनासं झालं होतं.

यजमान अमेरिकेचे नागरिक. त्यामुळे मलाही तिथे कायम राहण्याचं कार्ड मिळालं, पण दोन वर्षांपुरतं आणि अटीवर. मुदत संपण्याआधी दोघांनी मिळून अर्ज करायचा, संसार खरा असल्याचे पुरावे जोडायचे, मग ती अट निघते. तिथे जेमतेम पाच महिने राहिलो आणि कंपनीने यांना यान्बूच्या प्लांटवर पाठवलं. इथे घराचा करार यांच्या नावे, गाडी यांच्या नावे, माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तोदेखील यांच्या आधाराने. फोटो शोधायला बसले तर समुद्राकाठी मी एकटी, नाहीतर हे एकटे. यांना सेल्फीचा तिटकारा, आणि दोघांचा फोटो काढायला तिसरं माणूस आमच्याकडे कधी आलंच नव्हतं.

अमेरिकेतल्या वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "निदान तुम्हाला नवरा-बायको म्हणून ओळखणाऱ्या दोघांची पत्रं द्या." मी कपाळाला हात लावला. हे बारा-बारा तास प्लांटवर. घरी आले की जेवण, बातम्या, झोप. आम्ही भांडत नव्हतो, कारण भांडायलाही आधी बोलावं लागतं. यांना बायको नको होती, गरम पोळी वाढणारी कुणीतरी हवी होती, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. अर्जावर सही न करता भावाकडे निघून जावं, असं रोज वाटायचं. सूटकेस पलंगाखालून काढून ठेवली होती आणि यांनी ती पाहूनही काही विचारलं नव्हतं. त्याचा राग वेगळाच.

आमच्या माहेरी दत्ताची उपासना. गुरुवारी उपास सोडण्याआधी अतिथीचा वाटा बाजूला काढायचा, हा आईचा शिरस्ता. दत्तगुरू कोणत्या वेशात दारी येतील सांगता येत नाही, असं ती म्हणायची. यान्बूत दारी कोण येणार? म्हणून पोळ्या, घेवड्याची भाजी आणि शिरा डब्यात भरून मी यांच्या हाती द्यायचे आणि म्हणायचे, "कुणालाही द्या." हे देवाधर्मातले नव्हेत. काही न बोलता घेऊन जायचे आणि डबा धुऊन परत आणायचे. हेच गाडीत बसून खात असणार, अशी माझी खात्री होती. देवाचा वाटा नवऱ्याच्या पोटात, असं बहिणीला फोनवर सांगून मी हसलेही होते.

मुदतीला बारा दिवस उरले आणि दुरुस्तीसाठी प्लांटचं शटडाऊन सुरू झालं. हे तिकडेच मुक्कामाला. त्या गुरुवारी वाटा काढला, पण न्यायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाटातल्या देव्हाऱ्यासमोर बसले आणि चक्क रडले. म्हटलं, महाराज, या गावात माझं लग्न झालंय हे तुमच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, आणि तुमची साक्ष कचेरीत चालत नाही.

डोळे पुसते आहे तोच बेल वाजली. दारात साठीच्या एक बाई, काळा अबाया, हातात झाकलेली थाळी. "मी खालच्या मजल्यावरची. श्रीवर्धनकडची," त्या म्हणाल्या. "काल जुमेरात होती, तुमचा डबा आला नाय. म्हटलं, बाय आजारी तर नाय? बघून येव."

मला काही समजेना. त्यांना आत बसवलं. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, बंदरावर जहाजांना सामान पुरवतात, दोन वर्षांपासून गुडघ्यांनी अधू झालेत. आमचे हे एकदा लिफ्ट बंद असताना त्यांना धरून घरी घेऊन आले, आणि तेव्हापासून दर गुरुवारी डबा त्यांच्याकडे जात होता.

"मी बोलले, तिला घेऊन येवा. तर बोलले, तिला माणसांची सवय व्हायला वेळ लागेल, तवर मी आणतो. हाताला चव हाय बोलतात तिच्या. तुमाला नाय बोलत?"

मी नकारार्थी मान हलवली. खाली आपल्याकडचं एक कुटुंब आहे, भेटायला जाऊ या का, असं पहिल्या महिन्यात यांनी विचारलं होतं ते तेव्हा आठवलं. मला कुणाची ओळख नकोय, असं मीच फटकन बोलले होते. बोलणं कोणी बंद केलं होतं, ते त्या दुपारी मला समजलं. लाज वाटली.

पत्राचं विचारताच मावशी म्हणाल्या, "त्यात काय? जे बघितलं ते लिहू." संध्याकाळपर्यंत त्यांचं आणि त्यांच्या मालकांचं, अशी दोन पत्रं सह्यांनिशी माझ्या हातात आली.

यांना दोन दिवसांनी सुट्टी मिळाली. मी विचारलं, "मला कधी सांगितलं का नाही?"

"अतिथीला द्या म्हणालीस. दिलं," हे म्हणाले, आणि मग, "सूटकेस पाहिली होती मी. विचारायची भीती वाटली."

पुढे अर्ज गेला. निर्णय अजून आलेला नाही, आणि तो काय येईल याची मी काळजी करत नाही. त्या दुपारी मावशी आल्या त्याला योगायोग म्हणा, कृपा म्हणा, मी वाद घालणार नाही. मी महाराजांकडे कचेरीसाठी साक्षीदार मागितला होता. त्यांनी पाठवला तो माझ्यासाठी, कारण खात्री कचेरीपेक्षा मलाच पटायची राहिली होती. मागणं आपलं, देणं त्यांचं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

अर्जावर सही करण्याआधी हे चष्मा लावून लग्नाच्या खरेपणाच्या त्या प्रश्नाजवळ थांबले होते. "इथे काय लिहायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो लिहा."