पिकअपवरची खोली

संयोगिता एसटीच्या वर्कशॉपात सतरा वर्षं होती. बॉडीच्या कामाला. सडलेला पत्रा कापायचा, नवा बसवायचा, रिबिटा मारायच्या, खिडक्यांची रबरं बदलायची. पहिल्या वर्षी तिथले कारागीर गंमत म्हणून तिच्या हातात सगळ्यांत जड हातोडा द्यायचे. पुढं पुढं टप गळणारी गाडी आली की तेच म्हणायला लागले, "बाईंना बोलवा. त्यांस्नी भोक दिसतंय." आणि तिला ते खरंच दिसायचं.

घर तासगावजवळ, दोन एकर द्राक्षबाग, आणि नवरा जयराज लष्करात. लग्न झालं तेव्हा शिपाई होता, नंतर हवालदार झाला. वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा. बायकोला सोबत न्यायला क्वार्टर दोनदा मिळालं होतं. एकदा सासू बनुबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि एकदा मुलाची दहावी आली, म्हणून दोन्ही वेळा ते हातचं गेलं. सासूचं सगळं संयोगितानं अंथरुणात केलं, शेवटपर्यंत. मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला. घरात ती एकटी राहिली.

अशाच एका सुट्टीत जयराजनं तिला मोबाइलवर काहीतरी दाखवलं. परदेशातलं एक म्हातारं जोडपं, त्यांची पिकअप, आणि पिकअपच्या हौद्यावर बसवलेली छोटी खोली. आत पलंग, चूल, खिडकीला पडदा.

"रिटायर झालो की असलंच कायतरी करू," तो म्हणाला. "पत्र्याचं तू बघ, गाडी मी चालवतो. मी जितं जितं ऱ्हायलो, ते समदं तुला दावणार."

"खरं म्हणताय?"

"फौजीचा शब्द हाय."

तो कदाचित जेवता जेवता सहज बोलून गेला असेल. तिनं मात्र ते पदराच्या गाठीला बांधलं.

घरची पिकअप होती, पण हंगामात तिच्यावर द्राक्षांचे क्रेट जायचे. म्हणजे खोली कायमची ठोकून चालणार नव्हतं. हवी तेव्हा चढवता-उतरवता यायला पाहिजे. संयोगितानं महिनाभर वहीत आकृत्या काढल्या आणि त्या घेऊन ती मिरजेला चांदसाहेबांच्या शेडवर गेली. चांदसाहेब टेम्पो-ट्रकच्या बॉड्या बांधायचे. त्यांची बायको जरिना त्याच शेडच्या पुढच्या अंगाला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. चांदसाहेबांनी वही उलटसुलट करून पाहिली.

"ताई, हे बांधायला आम्हाला जमेल. पण ह्याच्यात झोपणार कोण?"

"मी आणि आमचे हवालदार."

जरिनानं शिलाई थांबवली आणि वही ओढून घेतली. त्या दिवसापासून गादी, पडदे, दाराची कनात हे खातं तिचं झालं, आणि दोघींची मैत्रीही तिथूनच सुरू झाली.

दर सुट्टीच्या वारी संयोगिता मिरजेला. चौकोनी पाइपचा सांगाडा, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय, मधे थर्माकोल. चार कोपऱ्यांना चार जॅकचे पाय. खोली त्या पायांवर उभी करायची, खालून पिकअप मागं घ्यायची आणि खोली अलगद हौद्यात उतरवायची. पहिली खोली वर्षभरात उभी राहिली. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या वजनकाट्यावर नेली, तर मागचा भार इतका भरला की पुढची चाकं स्टेअरिंगला जुमानेनात. तिनं लोखंडी कपाट काढून फेकलं. पाण्याची टाकी मागच्या टोकाहून पुढं, चाकांच्या रेषेत आणली. मागच्या चाकांच्या स्प्रिंगला एकेक पाटा वाढवला.

पावसाळ्यात ती खोली घेऊन माहेरी मेढ्याला गेली. जावळीच्या पावसाशिवाय टपाची परीक्षा होत नाही, असं तिचं म्हणणं. तीन दिवसांत उजव्या कोपऱ्यातला प्लाय फुगला. भाऊ नाथाजी हसला, "आक्का, घरात चार खोल्या रिकाम्या हायत आणि तू ह्या डब्यात भिजतीस व्हय?" परत आल्यावर तिनं तो कोपरा उकलला, सांध्यावर पट्टी चढवली, प्रत्येक रिबिटीखाली सिलिकॉन भरलं. हिवाळ्यात दुसरीच तऱ्हा. आतल्या भिंतींना घाम सुटायचा, गादी ओलसर लागायची. मग मिरजेच्या भंगारातून मोडीत निघालेल्या बसची टपावरची झडप आणून बसवली, तिच्यात लहान पंखा टाकला. एक संपलं की दुसरं निघायचं. दाराच्या बिजागऱ्या, बॅटरी, गॅसच्या नळीला वेगळा कप्पा. तिला त्याचा कधी कंटाळा आला नाही. प्रत्येक बदलाचा फोटो ती जयराजला पाठवायची आणि तो उत्तरादाखल अंगठा पाठवायचा.

रिटायरमेंटच्या आधीच्या दिवाळीत तो आला तेव्हा तिनं त्याला शेडवर नेलं. पलंगाचं माप घ्यायचं होतं. जयराज सहा फुटांचा. पाय भिंतीला टेकत होते.

"झोपा नीट. सरळ व्हा."

तो झोपला. तिनं टाचेपाशी पेन्सिलीची खूण केली आणि पलंग टपाच्या पुढच्या भागात, ड्रायव्हरच्या डोक्यावर, पाच इंच वाढवायचं ठरवलं. त्यासाठी पुढचा अख्खा पत्रा उतरवावा लागणार होता.

"लय खटाटोप हाय की गं," तो म्हणाला.

"जन्मभर बराकीत झोपलाय. आता तरी पाय पसरून झोपा."

तो वर बघत पडून राहिला. तिला वाटलं, माणसाचं मन भरून आलंय.

एप्रिलमध्ये तिनं नोकरी सोडली. राजीनाम्याचा अर्ज देण्याआधी त्याला फोन करून विचारलं. "आवं, अजून बारा वर्षं सर्व्हिस हाय माझी. देऊ का अर्ज? नीट इचार करून सांगा."

"दे की," तो म्हणाला. "बागंकडं बघायला घरचं माणूस पायजेच."

ते वाक्य तेव्हा तिच्या कानावरून गेलं. शेवटच्या दिवशी वर्कशॉपातल्या लोकांनी तिला नारळ आणि साडी दिली. ती हसत घरी आली.

ऑगस्टमध्ये जयराज रिटायर होऊन आला. गावानं वेशीपासून मिरवणूक काढली. उघडी जीप, हलगी, गुलाल, बायकांच्या हातात आरत्या. शाळेपुढं मांडव होता. जयराजबरोबर एकाच पलटणीत असलेले, दोन वर्षं आधी रिटायर झालेले भाऊसो वाळव्याहून आले होते. ते गुलालानं माखलेल्या तोंडानं संयोगितापाशी आले आणि कौतुकानं म्हणाले, "वहिनी, ह्या गड्याला बसवत न्हाई बघा. अडीच महिन्यांत परत ड्युटीवर! डीएससीत चांगल्या चांगल्यांचा नंबर लागत न्हाई, ह्याचा पहिल्या झटक्यात लागला."

तिला आधी कळलंच नाही. "कसली ड्युटी?"

"अवो, रिटायर झालेल्यांस्नी परत पहाऱ्याला घेत्यात ती. बारा-तेरा वर्षं निघत्यात आरामात." मग तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यांचा आवाज उतरला. "तुमास्नी... सांगितलं असंल की त्यानं."

"व्हय, सांगितलंय," संयोगिता म्हणाली. ओवाळणीचं ताट तिनं शेजारणीच्या हातात दिलं आणि सगळं पार पडेपर्यंत ती मांडवात ताठ उभी राहिली. कोणी सत्काराला पुढं बोलावलं तेव्हा गेली, शालही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे गेल्यावर, तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला.

"फॉर्म कवा भरला?"

जयराजनं कप उचलला, परत ठेवला. "भाऊसोला पोटात काय ऱ्हात न्हाई."

"कवा भरला?"

"गेल्या साली. गणपतीच्या आधी."

तिनं मनात महिने मोजले. म्हणजे दिवाळीच्या आधी. म्हणजे तो पलंगावर झोपला होता आणि ती त्याच्या टाचेशी पेन्सिल धरून बसली होती, त्याच्याही आधी.

"मग मला बोलला का न्हाई?"

"तुझं मन रमत हुतं त्यात. म्हटलं, करू दे. आणि मी काय कायमचा चाललोय व्हय? सुट्टीला येणारच की. मला घरात बसून काय जमणार न्हाई, संयोगिता. आठ दिवसांत येडा होईन."

"घरात बसायचं कुठं म्हणत हुते मी? हिंडायचं म्हणत हुते."

त्यानं कप पुन्हा उचलला.

"आणि माझी नोकरी? मी तुमास्नी इचारलं हुतं. फोन करून इचारलं हुतं. तवा तरी सांगायचं."

"आता बाग कुणाच्या जिवावर टाकायची गं? दुसऱ्याच्या हाताला धरबंध नसतो. तू घरी असलीस की मला तिकडं घोर न्हाई."

तेव्हा एप्रिलमधलं ते वाक्य तिला नीट ऐकू आलं. तिनं आरडाओरड केली नाही. उठली, कप विसळले, आणि पिकअप काढून मिरजेला गेली. मन मोकळं करायला तिला तीच एक जागा होती.

जरिना ऐकून मशीनवरून उठलीच. पण चांदसाहेब जागचे हलले नाहीत. हातातल्या टेपकडं बघत राहिले. संयोगिताची नजर त्यांच्यावर गेली.

"चांदभाई, तुमाला ठाव हुतं?"

"दिवाळीत बोलले होते हवालदार," ते खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणाले, तिला काय करायचं ते करू द्या, उगीच हिरमोड नको. मी म्हटलं, नवरा-बायकोच्या मधे आपण कशाला पडायचं."

"पुढचा अख्खा पत्रा उतरवला आपण. दोन महिने. तुमी माझ्यासंगं उतरवलात."

"तौबा," जरिना नवऱ्याला म्हणाली, "मलासुद्धा सांगितलं नाहीत तुम्ही." आणि तीही रडायला लागली.

पुढच्या आठवड्यात आणखी कळलं. मुलाला माहीत होतं. नाथाजीला माहीत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा सांगेल, आणि प्रत्येकाला तिची काळजी होती. एवढ्या सगळ्यांनी मिळून काळजी घेतल्यावर तिच्याशी खरं बोलायला कोणी उरलंच नव्हतं. ती वर्कशॉपातही जाऊन आली. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि गेलेली जागा परत मिळत नाही हे मऊ शब्दांत समजावलं. जुन्या सोबत्यांनी तिला एका गाडीखालून हाक मारली. तिच्यानं तिकडं बघवलं नाही.

जयराज ऑक्टोबरच्या शेवटी गेला. मिरजेच्या स्टेशनवर सोडायला मुलगा आला होता. संयोगिता गेली नाही. दारातूनच "सांभाळून ऱ्हावा" म्हणाली. बाग तिनं त्याच आठवड्यात चुलत दिराला, बिराप्पाला, वाट्यानं देऊन टाकली. फोनवर जयराज चिडला. "मला इचारायचं तरी!"

"व्हय, इचारायला पायजे हुतं," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

चांदसाहेबांशी ती पुन्हा पहिल्यासारखी बोलली नाही. काम असलं की कामापुरतं. जरिनाशी मात्र बोलत राहिली, आणि डिसेंबरात दोघी निघाल्या. विजापूर, बदामी, हंपी. एकवीस दिवस. खड्ड्यात चाक आदळून एक पाटा तुटला, तो संयोगितानं बागलकोटच्या अलीकडं एका कानडी मिस्त्रीच्या शेजारी बसून बदलला. त्याला मराठी येत नव्हती आणि हिला कानडी, पण पाना कुठला हवा ते दोघांना कळत होतं. तुंगभद्रेच्या काठी जरिनानं भाकरी थापल्या. संयोगिता हसली, पोटभर जेवली. एका दुपारी जरिना डुलकी घेत असताना ती पायरीवर बसली आणि तिला जयराजचा इतका राग आला की दाराची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागली. तो राग कमी व्हायला ती आली होती. तो तिच्याबरोबर सगळीकडं फिरला.

उन्हाळ्यात जयराज पहिल्या सुट्टीवर आला. अंगानं उतरला होता, बोलायला गोड झाला होता. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "बरं का, धा दिवस हायत. काढू या की खोली भाईर. कुठं जायचं म्हणतीस?"

"मी जाऊन आले," संयोगिता म्हणाली.

त्यानं कुठं, कवा, कोणाबरोबर असं काहीबाही विचारलं. तिनं सगळ्याची उत्तरं दिली, काही लपवलं नाही. मग त्याला आमटी हवी का विचारलं, वाढली, आणि बाहेर जाऊन टपाच्या झडपेचं तडकलेलं रबर काढायला बसली. संध्याकाळी वळीव येईल असं आभाळ होतं.