बेचाळीस पायऱ्या

आमच्या धाकटीला घरात सगळे खिळा म्हणतात. नाव मीच ठेवलं. अंगाने काडी, पण एकदा एखाद्या गोष्टीत घुसली की उपटून निघायची नाही. मी सोफे-खुर्च्या शिवणारा माणूस, मला असंच काहीतरी सुचणार.

आमचं घर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं. आमच्यातली मुलं-मुली वयात आली की काही काळ घरदार सोडून मिशनरी म्हणून जातात. कुठे जायचं ते पंथातले वरचे ठरवतात, आणि राहायचं जोडीने. मुलींना दीड वर्ष. खिळा विसाव्या वर्षी गेली. पहिले दहा महिने तिला मोठं शहर मिळालं. प्रार्थनेला जमणारी दोनशे माणसांची मंडळी, स्वतःची इमारत, आणि तिच्याकडे लहान मुलांचा वर्ग. दर सोमवारी तिचा फोन यायचा आणि अर्धा वेळ त्या पोरांच्याच करामती ऐकवायची. त्यांचं एक नाटुकलं ती बसवत होती.

नाटुकल्याला चार दिवस उरले असताना, एका बुधवारी सकाळी तिच्या मिशनच्या प्रमुखांचा फोन आला. तीन तासांवरच्या एका कारखान्याच्या गावातली मिशनरी मुलगी आजारी पडून घरी गेली होती आणि तिची जोडीदारीण एकटी पडली होती. खिळाने उद्याच्या पहिल्या बसने निघायचं होतं. ती बरं म्हणाली, आणि मग बाथरूमची कडी लावून, नळ सोडून रडली. हे तिने आम्हाला कितीतरी दिवसांनी सांगितलं. त्या सोमवारी फोनवर फक्त एवढंच म्हणाली, की गाव छान आहे आणि हवा कोरडी आहे. आवाजावरून तिच्या आईला काय ते कळलं.

गाव कसलं छान. पहिल्या रविवारी या दोघींना धरून प्रार्थनेला माणसं नऊ. जागा एका छापखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. पन्नास खुर्च्या मांडलेल्या, त्यामुळे नऊ जण आणखीच थोडे दिसायचे. मंडळीचा प्रमुख होता फ्रिज दुरुस्त करणारा एक मेकॅनिक. आमच्यात हे काम आपापला पोटापाण्याचा धंदा सांभाळून करतात. त्याने दोघींना सरळच सांगितलं, की वर्षअखेरपर्यंत हीच गत राहिली तर ही जागा बंद होणार. मग प्रार्थनेसाठी शहर गाठायचं, म्हणजे कोणीच गाठणार नाही.

मंडळीच्या यादीत मात्र नावं एकसष्ट होती. खिळाने यादी घेतली आणि जोडीदारणीला घेऊन दारोदार फिरायला लागली. लोक चांगले होते. पाणी द्यायचे, बसवून घ्यायचे. का येत नाही म्हटलं की कोणाची कारखान्यातली पाळी रविवारची, कोणाकडे पाहुणे, कोणाचं येतो येतो. तीन आठवडे नुसत्या चपला झिजल्या. मेकॅनिक म्हणाला, मन लावून घेऊ नका, हे असंच आहे.

चौथ्या आठवड्यात दोघी एका शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे गेल्या. वय सत्तरीचं, नजर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी. मावशींनी आधी पाहुण्यांचंच सांगितलं. मग खिळा उठायचं नाव घेईना, तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं.

"बेचाळीस पायऱ्या आहेत, पोरी. दुसऱ्या मजल्यापुढे धरायला कठडा नाही. माझे गुडघे गेले, शेजारणीचा श्वास पुरत नाही. आम्ही गेलो नाही म्हणून आमच्या सुना-मुलंही जाईनाशी झाली."

"मग तुम्ही मेकॅनिक काकांना सांगितलं का नाही?"

"चार वर्षांपूर्वी ती जागा मिळवायला तो वर्षभर खेटे घालत होता. पडदे त्याच्या बायकोने शिवले. कोणत्या तोंडानं सांगायचं?"

त्यानंतर खिळा पुन्हा त्याच घरांतून फिरली. या वेळी तिने फक्त पायऱ्यांबद्दल विचारलं. अकरा घरांनी तेच सांगितलं, आणि प्रत्येकाने वर बजावलं, की आमचं नाव घेऊ नकोस.

आता हे मेकॅनिकला सांगायचं कोणी? जोडीदारणीने मान खाली घातली. वीस वर्षांची माझी पोर त्याच्या दुकानात गेली आणि कोणाचंही नाव न घेता त्याला म्हणाली, "काका, लोकांची श्रद्धा कमी झालेली नाही. त्यांना जिना चढवत नाही. आणि तुमचं मन दुखेल म्हणून ते चार वर्षं गप्प आहेत."

तो हातातला पाना पुसत राहिला. खिळाला वाटलं, संपलं, आता आपली इथूनही उचलबांगडी. मग त्याने दुकानभर पाहिलं. दार रस्त्याला लागून होतं, उंबरठा नव्हता. त्याने विचारलं, की हे आतले सगळे फ्रिज मागच्या पडवीत ढकलले, तर इथे किती खुर्च्या बसतील.

वरून परवानगी यायला तीन आठवडे गेले. दोन शनिवार सगळ्यांनी मिळून फ्रिज ढकलले, तेलाचे डाग घासले, आणि पन्नासच्या पन्नास खुर्च्या त्या जिन्यावरून खाली आणल्या. पडदे मेकॅनिकच्या बायकोने स्वतःच उतरवले आणि मावशींनी ते नव्या खिडकीच्या मापाचे करून दिले. पहिल्या रविवारी दुकानात एकतीस माणसं आली. श्वास पुरत नसलेली शेजारीण खुर्ची पकडून सर्वांत आधी हजर. तेलाचा वास काही गेला नव्हता, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

खिळाने उरलेले महिने तिथेच काढले. त्या गावात तिच्या हातून नवं माणूस एकही पंथात आलं नाही. आमच्या ओळखीतले काही जण हे मुद्दाम विचारतात, आणि मी मुद्दाम खरं सांगतो. जागा बंद झाली नाही, हेही सांगतो.

गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायको त्या गावाला गेलो. खिळाला कॉलेजच्या परीक्षेमुळे येता आलं नाही. दुकान भरलेलं होतं. मेकॅनिकने मला दंडाला धरून एकेका खुर्चीपाशी नेलं. माझं नाव, माझा धंदा, काही विचारलं नाही. प्रत्येकाला एवढंच सांगितलं, "हे तिचे वडील." आणि बसलेला प्रत्येक माणूस, गुडघे गेलेल्या मावशीसुद्धा, माझा हात हातात घ्यायला उभा राहिला.