ओल्या रेतीतली रिंग

अमरावतीहून डिप्लोमा घेऊन मी अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत लागलो, तेव्हा डोक्यात बरीच हवा होती. तिथं दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगवर बिडाची एक रिंग घट्ट बसवत. तिचं भोक मुद्दाम किंचित लहान ठेवायचं, गोवऱ्यांच्या जाळात ती तापवून फुगवायची आणि गरम असतानाच सरकवायची. निवली की आवळून बसते. भोक किती लहान ठेवायचं, ते आमचे म्हातारे मिस्त्री अंदाजानं सांगत. मी कागद घेऊन बसलो. व्यास, तापमान, बिडाचं फुगणं, सगळं मांडलं. उत्तर मिस्त्रींच्या अंदाजाएवढंच आलं, याचा मला रागच आला.

लेथवरून उतरलेली रिंग मिस्त्री रांजणाखालच्या ओल्या रेतीत पुरून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी मापत. मला ते जुनाट खूळ वाटे. त्या वर्षी दसरा झाला, कापसाच्या बैलबंड्या फाटकाबाहेर लागल्या आणि रिंग तयार नव्हती. मी ती लेथवरच मापली.

"सायेब, थंडी होऊ द्या, मंग मापा. काहून घाई करून राह्यले?"

"मिस्त्री, गणित रेतीत पुरत नाहीत," मी म्हणालो.

रिंग चढली. निवताना मात्र ताडकन आवाज झाला आणि ती तडकली. गणित बरोबर होतं, माप लेथवर कातताना तापलेल्या रिंगचं होतं. निवल्यावर भोक माझ्या हिशेबापेक्षा लहान झालं होतं. हे मला तिथंच कळलं.

मॅनेजर धावत आले. माप नेहमीसारखं मिस्त्रींचंच असणार असं धरून त्यांना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मिस्त्रींनी हात पुसले आणि ते फाटकाकडे निघाले. माप मी घेतलं होतं, हे मी सांगितलं नाही. नोकरी जाईल याची भीती वाटली, दुसरं काही कारण नव्हतं.

सकाळी मात्र मॅनेजरला खरं सांगितलं. शिव्या खाल्ल्या, आणि मिस्त्रींना आणायला त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात बसले होते. मी माफी मागितली.

"काल माही बायको डबा घेऊन फाटकात उभी होती, सायेब," ते म्हणाले. "तिनं समदं आयकलं. आधी तिले सांगा, मंग मी येतो."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.