सेकंदात उत्तर, परवा या

कपाशीच्या बोंडातून एक सरकी काढावी, तर सगळा कापूस हाताला चिकटून येतो. वाशिमच्या आमच्या पीक-आकडेवारी कार्यालयातल्या किश्श्यांचं तसंच! नागपूरला मोठा कॉम्प्युटर आला होता. तो जास्त वेगवान ठरला, तर आमचा विभाग बंद आणि माझी बदली नागपूरला. घरी तान्ही बबी! मी साहेबांना सुनावलं, "आधी शर्यत लावा, मग बदली करा."

*

पहिली शर्यत साहेबांच्या नव्या कॅल्क्युलेटरशी. आमच्याकडे हँडल फिरवायचं हिशेबाचं मशीन, आणि ते फिरवणारे वानखडेभाऊ. दोघांना एकच गुणाकार. हँडल थांबायच्या आत भाऊंनी उत्तर सांगितलं! साहेब थक्क.

ते गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, हे कसं?"

"चाचणीचं गणित दर खेपेले तेच असते, बाई. पाठ झालं."

"मग हँडल कशाला फिरवलं?"

"साहेब पाहून राह्यले होते नं!"

मी गणितच बदलून टाकलं. भाऊ माझ्याशी बोलेनात.

*

मग नागपूरला कॉम्प्युटर पाहायला गेलो. काचेआड थंडगार खोली, चपला बाहेर. भाऊंनी चक्क हात जोडले! ऑपरेटर ऐटीत म्हणाला, "तुमचं गणित? सेकंदात!"

"द्या मंग."

"आधी आकडे भरायला कार्डांना भोकं पाडायची, मग रांग. परवा या."

भाऊ माझ्याकडे वळले. "बाई, यांचा सेकंद परवा संपते!"

मी तिथंच ठरवलं : वेळ मोजायची ती कागद हातात पडल्यापासून उत्तर साहेबांच्या टेबलावर येईपर्यंत.

*

घरी वेगळीच शर्यत. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "आमचा नातू उभा राह्यते. तुमची बबी अजून बसतही नाही?" मी रडकुंडीला.

सासूबाई कडाडल्या, "दिवसभर मशीनच्या शर्यती लावून भागलं नाही काय? पोरीले तरी सोड!"

*

शेवटची शर्यत. तेच तक्ते नागपूरला, तेच आमच्याकडे. मी आकडे वाचत होते, भाऊ हँडल फिरवत होते. पाठांतराची सोय नाही! आमचं उत्तर टेबलावर पडलं, त्यानंतर कधीतरी नागपूरचे मोठे साहेब जीपनं आले. हातात कॉम्प्युटरचा लांबलचक कागद.

दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली. जुळेनात! मला वाटलं, चूक माझीच असणार. तरी मी म्हणाले, "सर, आम्ही तुमच्यासमोर पुन्हा करतो."

भाऊंनी बाह्या सरसावल्या. पुन्हा आमचंच उत्तर आलं.

मोठ्या साहेबांनी आपल्या कागदाची घडी घातली. मग उठले.

"वरून ठरलंय ते ठरलंय. हा विभाग बंद!"

दारापर्यंत गेले, आणि वळले.

"फक्त एक. यापुढे आमच्या कॉम्प्युटरचा प्रत्येक कागद आधी इथं तपासून घ्यायचा!"