तेलात मुरलेली लस
शंकर नगरच्या दातांच्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास आला आणि मला दाढेऐवजी टबात गुंगी आलेले रोहू मासे आठवले. रायपूरबाहेरच्या एका तलावावर काही वर्षांपूर्वी आम्ही मत्स्यसंशोधक माशांना लस टोचत होतो. ते तडफडू नयेत म्हणून टबाच्या पाण्यात हे तेल घालायचो. तलावाचे मालक काका मूळचे भंडाऱ्याकडचे. आदल्या वर्षी अंगावर लाल जखमा होऊन त्यांचे सगळे मासे मेले होते. “मासोळीले सुई टोचून काय होते जी, मॅडम?” ते विचारत. मी सांगितलं, लस तेलात फेटलीय, अंगात हळूहळू मुरेल. “लोणच्यावानी?” म्हणून ते हसले. काही आठवड्यांनी माशांचं रक्त काढलं, त्यातल्या निवळीत, म्हणजे सीरममध्ये, त्याच रोगाचे मेलेले जंतू मिसळून ते थेंब ताटलीतल्या इवल्या खळग्यांत रात्रभर ठेवले आणि सकाळी काकांना प्रयोगशाळेत बोलावलं. लस न दिलेल्या माशाच्या थेंबात जंतू तळाशी ठिपका होऊन निवांत बसले होते. लस दिलेल्याच्या थेंबात मात्र लसीमुळे तयार झालेल्या प्रतिपिंडांनी त्यांना एकमेकांत गुंतवून जाळ्यासारखं तळभर पसरवलं होतं. “म्हणजे यानं दुश्मन ओळखला?” “हव काका, ओळखला.” काका कितीतरी वेळ वाकून पाहत राहिले. मग सदऱ्याची बाही वर सारून त्यांनी दंडावरचा, लहानपणी देवीची लस टोचल्याचा व्रण चाचपला. “मंग हे बी अजून जागंच असन?” आज खुर्चीत आ वासून बसले असताना माझाही हात दंडावरच्या लसीच्या व्रणाकडे गेला. इतकी वर्षं तिथे कुणीतरी पहारा देतंय, आणि मी कधी साधी विचारपूसही केली नाही.